पाइनखाली काय लावावं?

घरामागे उतार असावा आणि उतारावर पाइन असावेत. मग सल्ल्यांची ददात पडत नाही. इथे नॉर्थ कॅरोलायनात लोबलॉली पाइन सरळसोट ऐंशी-नव्वद फूट वाढतात. खाली लाल चिकणमाती. जुलैतला पाऊस धो धो कोसळतो आणि आमची माती घेऊन शेजाऱ्याच्या दारात जातो. ती माती जागेवर राहावी, एवढीच आमची माफक अपेक्षा.

नर्सरीतल्या बाईंनी आधी उलटतपासणी घेतली. ऊन किती? सकाळचं की दुपारचं?

"पाइनची सुयांसारखी पानं पडून पडून माती आम्लधर्मी झाली असेल," नवरा जाणकारपणे म्हणाला.

"सुयांनी फारसं काही होत नाही. अडचण मुळांची आहे."

पाइनची बारीक मुळं बहुतेक वरच्या फूटभर मातीतच पसरतात आणि पाणी आधी तीच पितात. म्हणजे सातबारा आमच्या नावावर, ताबा मुळांचा. कूळकायदा इथवर पोचलाय! बरं, वर नव्या मातीचा थर टाकावा, तर मुळं गुदमरतात. तेव्हा मुळांमधल्या फटी शोधायच्या आणि तिथे चिमुकली रोपं खोचायची. मोठं झाड आणून मिरवायची सोय नाही.

रुंद पानांचा होस्टा पसंत पडला, पण तो हरणांनाही पसंत आहे. अझेलिया या फुलझाडाचंही तेच. इंग्लिश आयव्हीची वेल माती छान धरते, पण मग पाइनवर चढते, रानात घुसते. तिचं नाव काढताच बाईंचा चेहराच बदलला.

सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल. "अळू लाव. वड्या तरी होतील."

"अगं, त्याला सतत ओल लागते."

"मग मोरीचं पाणी सोड की!"

इथे मोरी नाही, हे तिला अजून पटलेलं नाही.

शेवटी उरले दोघं. हेलेबोर हे फुलझाड विषारी, म्हणून हरणं सहसा तोंड लावत नाहीत. (अशा स्वभावाचा फायदा होतो कधीकधी.) आणि ख्रिसमस फर्न, म्हणजे एक नेचा: इथलंच, हिवाळ्यातही हिरवं, उतारावर माती धरणारं. मी हौसेने आईला कॅमेऱ्यात दाखवलं.

"हे तर आपल्या विहिरीच्या भिंतीवर आपोआप येतं. पैसे देऊन आणलंस?"

"हो."

"आणि त्या खाली पडलेल्या सुया?"

"त्या राहू द्यायच्या, ओल टिकते. शेजारी तर त्यांचे गठ्ठे विकत आणून अंगणात पसरतो."

आईने फोन बाबांच्या हातात दिला.