कोस्ता देल सोल, सहकुटुंब सहपरिवार

स्पेनच्या किनाऱ्यावरची सुट्टी बऱ्यापैकी स्वस्तात होते, आणि हाच तिचा मोठा दोष आहे. स्वस्तात उरकलेल्या सहलीबद्दल चार नातेवाइकांत बोलायचं काय? म्हणून ती मेहनतीने महाग करून घ्यावी लागते. फार अवघड नाही, फक्त क्रम चुकता कामा नये.

सुरुवात विमानाच्या तिकिटापासून. ते व्हिसाच्या आधीच काढा, आणि रद्द केल्यावर छदामही परत न मिळणारं काढा, कारण थोडं स्वस्त पडतं. स्पेनला लागतो त्या शेंगेन व्हिसाचा अर्ज 6 महिने आधीपासून देता येतो, पण एवढ्या लवकर अर्ज देणाऱ्याला घरात दुसरं काम नसावं असा लोकांचा समज होतो. निघायच्या किमान 15 दिवस आधी अर्ज द्यावा असा नियम आहे, तेव्हा बरोबर सोळाव्या दिवशी द्या. निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, शंका निघाली तर 45 दिवसांपर्यंत लांबतो. उरलेलं गणित पंचांगावर सोडा. मोठ्या माणसामागे 90 युरो शुल्क आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत येत नाही. बँक खातं वर्षभर कोरडं असेल तर आदल्या आठवड्यात मेव्हण्याकडून पाच लाख आणून त्यात टाका. स्टेटमेंट तपासणाऱ्याच्या नजरेत ते पहिल्यांदा भरतील, आणि त्यासाठीच तर आणले. 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा मात्र घ्यावाच लागतो. तिथे कल्पकतेला वाव नाही.

महिना ऑगस्ट. सगळा स्पेन याच महिन्यात समुद्राकडे धावतो, तेव्हा तिथल्या लोकांना जवळून बघता येईल, अगदी कोपराला कोपर लागेल इतक्या जवळून. 15 ऑगस्टची सुट्टी त्यांनाही असते, त्याच सुमाराला दक्षिण किनाऱ्यावरच्या मालागा शहराची मोठी जत्रा भरते, आणि खोल्यांचे भाव तेव्हा आकाशाला भिडतात. सप्टेंबरात भाव उतरतात, पाणी मात्र जवळपास तितकंच उबदार राहतं. पण सप्टेंबरात शाळा असते, गणपती असतात, आणि गर्दी नसलेल्या जागी गेल्यावर आपण नक्की योग्य ठिकाणी आलो की नाही हे कळायचं कसं?

आता कुठला किनारा. एकच निवडून तिथे सात रात्री पडून राहणं हा आळस झाला. पैसे वसूल करायचे तर बार्सिलोना, बेनिदोर्म, मालागा आणि कादिस एका दमात करा. बार्सिलोना ते मालागा रस्त्याने सुमारे हजार किलोमीटर, आणि वेगवान रेल्वेनेही सहा तासांच्या आसपास. या वेळापत्रकात समुद्र रोज दिसतो, बहुधा बसच्या खिडकीतून. अकराला खोली सोडायची, तीनला पुढची ताब्यात घ्यायची, मधले चार तास बॅगांवर बसून स्पॅनिश संस्कृतीचा अभ्यास.

तरीही कुणी हट्टाने एकट्या कोस्ता देल सोलला, म्हणजे मालागाच्या किनाऱ्याला, निघालंच, तर राहायला बेनालमादेना निवडा, आणि नकाशा न उघडता निवडा. या एका नावाखाली तीन वस्त्या आहेत. डोंगरावर पांढऱ्या घरांचं जुनं गाव पुएब्लो, मध्ये रेल्वे स्टेशनचं आर्रोयो दे ला मिएल, आणि खाली पाण्याकाठी कोस्ता. संकेतस्थळावर तिन्हींचं नाव बेनालमादेनाच. जी खोली सर्वांत स्वस्त आणि जिच्या गच्चीतून समुद्र अख्खा दिसतो, ती पुएब्लोत असते. अख्खा दिसतो, कारण तुम्ही त्याच्या शेकडो फूट वर आहात. ओला टॉवेल, हवा भरलेलं खेळण्यातलं मगर आणि रडणारं मूल घेऊन तो चढ चढताना वाचलेले पैसे आठवत राहावेत, दम कमी लागतो.

विमानतळावरून टॅक्सी घ्या. टर्मिनलसमोरच सी-1 लोकलचं स्टेशन आहे. ती दर 20 मिनिटांनी सुटते, तोरेमोलिनोस आणि आर्रोयो दे ला मिएल करत फुएन्हिरोलाला जाते, उलट दिशेला दहा-बारा मिनिटांत मालागा शहरात सोडते, आणि भाडं चहा-पावाइतकं. परदेशात जाऊनही लोकलच धरायची असेल तर दादरला काय कमी आहे? त्याहून उत्तम म्हणजे भाड्याची गाडी. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना न घेता जा. काउंटरवर डेबिट कार्ड पुढे करा. तिथे अनामतीसाठी बहुधा चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, मग शेजारी विकायला ठेवलेला जादा विमा मुकाट्याने घ्यावा लागतो, आणि गाडीचं दिवसाचं भाडं दुप्पट होतं. किनाऱ्यावरच्याच मार्बेयाकडे जाताना टोलचा एपी-7 महामार्ग धरा. उन्हाळ्यात त्याचा दर चढा असतो, आणि जवळूनच फुकटचा ए-7 जातो, पण फुकट रस्त्यावर गर्दी फार. मार्बेयाला रेल्वे नाही, एवढं एक कारण मात्र तुमच्या बाजूने खरं आहे.

जेवणाच्या बाबतीत आपल्या घड्याळावर ठाम राहा. बाराला जेवण मागा आणि स्वयंपाकघर बंद आहे हे ऐकून अपमान झाल्यासारखं वागा. तिकडे दुपारचं जेवण दोनला सुरू होतं आणि रात्रीचं नऊच्या पुढे. जूनअखेर मालागात सूर्यच रात्री 9:40 च्या आसपास मावळतो, त्याला जेवणारे काय करणार? आठवड्याच्या दिवशी दुपारी फळ्यावर 'मेनू देल दिया' खडूने लिहिलेलं दिसेल. दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी, सगळं एका ठरलेल्या किमतीत. फळ्यावर फोटो नसतात म्हणून तिथे जाऊ नका. ज्या हॉटेलच्या दारात सहा भाषांत फोटो आहेत आणि एक गृहस्थ हात धरून आत नेतो, तिथे रात्री आठला पाएया, म्हणजे तिकडचा प्रसिद्ध भात, मागवा. कच्च्या तांदळापासून करायची तर तिला वीसेक मिनिटं लागतात, बहुधा दोघांसाठीच करतात, आणि ती दुपारी खायची गोष्ट आहे. तुमची पाच मिनिटांत येईल. पिवळी असेल.

शाकाहारी मंडळींनी फक्त 'मांस नको' एवढंच सांगावं. आंदालुसियात, म्हणजे या दक्षिण स्पेनमध्ये, हॅमला बरेच जण मांसात धरत नाहीत, आणि ट्यूना माशाला तर नाहीच. मिक्स सॅलडवर ट्यूना येतो, टोमॅटोच्या थंडगार घट्ट साल्मोरेखोवर अंडं आणि हॅमचे तुकडे येतात, क्रोकेत या तळलेल्या गोळ्यात आत काय आहे ते चावल्यावर कळतं. काकवी घातलेली तळलेली वांगी, बदाम-लसणाचं थंड सूप आखोब्लांको, टोमॅटो चोळलेला पाव हे सगळं घरच्या आजीलाही चाललं असतं, पण तिला त्याची नावं सांगू नका. डब्यातून तूप आणि श्रीखंड नक्की न्या. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे कस्टम्सशी ओळख वाढते. भाकरवडी चालते, म्हणून ती घरी ठेवा. पाणी बाटलीचंच घ्या. 2022 च्या कायद्याने हॉटेलांना नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं, पण मागायला तोंड उघडावं लागतं. मासे खाणाऱ्यांनी किनाऱ्यावर वाळू भरलेल्या होडीत, निखाऱ्यांशेजारी काठीला टोचून भाजलेले तारले दिसले की तोंड फिरवावं. ताजे, स्वस्त, आणि बोटांनी खावे लागतात. शिवाय त्यांचा हंगाम नेमका उन्हाळ्यात असतो, म्हणजे चुकवायची संधी रोज मिळते.

समुद्रात दुपारी दोनला उतरा. पाणी जाहिरातीपेक्षा गार निघालं तर हॉटेलकडे तक्रार करा. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं पाणी इकडे येतं, आणि 'तेराल' हा जमिनीकडचा तापलेला वारा सुटला की हवा भट्टी होते, वरचं कोमट पाणी दूर ढकललं जाऊन खालचं गार वर येतं. रिसेप्शनवरच्या मुलीला यात बरंच करता येण्यासारखं आहे. वाळू राखाडी आहे, हेही तिलाच सांगा. जेलीफिश चावला तर गोड पाण्याने खसाखसा धुवा, म्हणजे कातडीत अडकलेल्या न फुटलेल्या दंशपेशीही कामाला लागतील. समुद्राच्याच पाण्याने हळुवार धुणारे लोक उगाच लवकर बरे होतात.

एटीएम विचारेल, रक्कम युरोत घेऊ की रुपयांत. रुपयांत म्हणा. आपली भाषा बोलणारं यंत्र परक्या देशात दुसरं कोण भेटणार, आणि त्याने लावलेला दर म्हणजे त्या आपुलकीचं मोल.

रविवारी दुपारी दोननंतर मालागाचा अल्काथाबा किल्ला फुकट असतो, आणि पिकासो संग्रहालय शेवटचे दोन तास. तुम्ही शनिवारी जा. रविवारी सकाळी विमान आहे, तेव्हा टॅक्सी दोन तास आधी बोलवा. ऑगस्टातल्या रस्त्यावर ती विमानतळाच्या अलीकडे हमखास थांबते. तेवढ्यात शेजारच्या रुळांवरून सी-1 निघून जाईल. घाबरू नका, वीस मिनिटांनी दुसरी येते, तीही खिडकीतून नीट दिसेल.