जेऊरचे ग्रहण आणि पुण्याची वेधशाळा

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपी विद्यापीठाच्या आवारात, 1888 साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेवरील लेख आवडला. मात्र 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला आणखी दोन ओळी मिळायला हव्या होत्या. ही वेधशाळा चालवणारे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी पुण्याहून सामग्री नेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे ठाण मांडले आणि सूर्याच्या वर्णपटाची (प्रकाशातील रंगांच्या पट्ट्याची) छायाचित्रे घेतली. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची असताना छायाचित्रे टिपणाऱ्या काचेच्या पट्ट्या बदलत हे साधणे किती जिकिरीचे असेल, याची कल्पना मला 26 डिसेंबर 2019 रोजी आली. त्या दिवशी आमच्या खानापुरात ग्रहण खंडग्रासच होते. अंगणातल्या आंब्याखाली पानांच्या फटींतून शेणाने सारवलेल्या जमिनीवर शेकडो चंद्रकोरी उमटल्या होत्या आणि मोबाईल सरळ धरेपर्यंत त्या सरकत होत्या. (आजी आत सोवळ्यात बसली होती, ती शेवटी उंबऱ्यापर्यंत आली.) नायगमवाला निवृत्त झाल्यावर 1912 मध्ये वेधशाळा बंद पडली आणि तिची 20 इंची दुर्बीण तमिळनाडूतील कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली. यंत्र वाया गेले नाही हे खरे. पण एका माणसावर तोललेल्या संस्थेला दुसरा माणूस तयार करता आला नाही, ही बाब लेखकाने फारच सौम्यपणे मांडली आहे.