वर्तुळाचा अर्धा भाग समुद्रात आहे
तुमच्या लेखात तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाभोवतीच्या १६ किलोमीटरच्या आपत्कालीन नियोजन क्षेत्राचा, म्हणजे अपघात झाल्यास काय करायचं याची तयारी जिथे आधीच ठेवतात त्या वर्तुळाचा, नकाशा दिलात, ते बरं केलंत. पण खालच्या बऱ्याच प्रतिक्रियांचा सूर 'स्फोट झाला की सगळ्यांनी पळायचं' असाच दिसतो. तसं नसतं. या वर्तुळाचे १६ भाग पाडलेले असतात आणि वारा ज्या दिशेला वाहतोय त्या भागांचा विचार आधी होतो. कित्येकदा पहिली सूचना दारं-खिडक्या लावून घरातच थांबा, अशीच असते. आयोडीनच्या गोळ्याही मनाने घ्यायच्या नाहीत. त्या किरणोत्सारी आयोडीनपासून फक्त थायरॉइडला (गळ्यातल्या ग्रंथीला) वाचवतात, तेही वेळेवर घेतल्या तरच. प्रकल्पाच्या कुंपणाबाहेरची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची, म्हणजे २०१४ पासून पालघरची.

माझा प्रश्न वेगळाच आहे. वर्तुळाचा जवळपास अर्धा भाग समुद्रात आहे. मासेमारीला गेलेल्या बोटींना 'घरात थांबा' कसं सांगणार? आणि बोईसर एमआयडीसीतल्या परप्रांतीय कामगारांना मराठी भोंगा-घोषणा कितपत कळणार? आम्ही बोरिवलीकर वर्तुळाबाहेर, हे खरं. पण जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघातात लोकांना हलवलेल्या २० किलोमीटरच्या पलीकडचं दूध आणि भाजीही थांबवावी लागली होती. दूध-भाजीच्या अशा तपासणीबद्दल पुढच्या लेखात लिहा की!