‘चौकात मनोरा लावा, हवा साफ’: आमच्या ग्रुपवरच्या फॉरवर्डला उत्तर

थंडी पडली आणि सकाळी गच्चीवरून समोरची टेकडी दिसेनाशी झाली, की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज परत येतो. चीनमधल्या एका उंच मनोऱ्याचा फोटो आणि खाली मजकूर: ‘चीनने १०० मीटर उंच एअर प्युरिफायर बांधून १० चौरस किलोमीटरची हवा साफ केली. यंत्र ९० टक्के धूळ पकडतं. आपल्याकडे आयआयटीनेही काम केलंय, पण आपण चाचण्या आणि अहवालांतच अडकलो. काहीच न करण्यापेक्षा चौकाचौकात एकेक मनोरा लावा. सहमत असाल तर पुढे पाठवा.’

या वेळी तळमजल्यावरच्या काकांनी तो टाकून मला टॅग केलं, ‘तू हवा मोजतेस ना, मग सांग!’ सांगते काका. ग्रुपवर मावणार नाही म्हणून इथे लिहितेय.

‘चीनने साफ केली’

मनोरा खरा आहे. शिआन शहरात २०१६ मध्ये उभा राहिला. पायथ्याशी काचघर, उन्हाने तिथली हवा तापते, मनोऱ्यात वर चढते आणि वाटेतल्या गाळण्यांमधून जाते. १० चौरस किलोमीटर हा आकडाही खरोखरच दिला गेला होता. पण त्याच्यासोबत आणखी एक आकडा होता, तो मेसेजमधून गळलाय: जास्त प्रदूषणाच्या काळात पीएम २.५ मध्ये, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीत, १५ टक्के घट. म्हणजे ३०० चे २५५. एवढ्या फरकावर तुम्ही मास्क काढाल का?

आणि हे दोन्ही आकडे ज्यांनी मनोरा बांधला त्यांनीच सांगितले होते. ते खोटं बोलले असं माझं म्हणणं नाही. आपल्याच पोराचा पेपर आपणच तपासला, एवढंच.

चीनची हवा सुधारली हेही खरं. बीजिंगचं पीएम २.५ चं वार्षिक सरासरी प्रमाण २०१३ मध्ये घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होतं, २०१७ मध्ये ५८ वर आलं. ते कोळशाचे बॉयलर बंद करून, कारखाने हलवून आणि गाड्यांचे नियम आवळून. त्याचा फोटो काय काढणार? म्हणून मेसेजमध्ये मनोरा येतो.

‘यंत्र ९० टक्के धूळ पकडतं’

सगळी गडबड या एका वाक्यात आहे, म्हणून इथे जरा थांबते.

पकडतही असेल. यंत्राच्या पोटात शिरलेल्या हवेतली. पण आपण यंत्राच्या पोटात राहत नाही. ‘आत शिरलेल्या हवेतली किती धूळ अडली’ आणि ‘आजूबाजूच्या माणसाच्या नाकापर्यंत येणारी हवा किती सुधारली’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विकणारा नेहमी पहिल्याचं उत्तर देतो.

नेदरलँड्समध्ये एका डिझायनरने सात मीटरचा स्मॉग टॉवर केला होता. आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठाने तो अभ्यासला. आत शिरलेल्या पीएम १० पैकी, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुळीपैकी, ७० टक्क्यांपर्यंत धूळ अडते. बाहेर मोकळ्या मैदानात, वारा पडलेला असताना, ४५ टक्क्यांपर्यंत घट. कुठवर? साधारण वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात. आपल्या पार्किंगइतकं!

आता दिल्ली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कॅनॉट प्लेसला २४ मीटरचा मनोरा झाला, खर्च वीस कोटींच्या घरात, ऑगस्ट २०२१ मध्ये उद्घाटन. चाळीस पंखे, सगळे मिळून सेकंदाला १,००० घनमीटर हवा ओढणारे. एक किलोमीटरच्या त्रिज्येत हवा सुधारेल, असं तेव्हा सांगितलं गेलं.

काका, तुम्ही बँकेत होतात, आकडेमोड तुम्हीच करा. एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३.१४ चौरस किलोमीटर. त्यावरची फक्त १०० मीटर उंचीची हवा धरू: ३१ कोटी ४० लाख घनमीटर. मनोरा ताशी ३६ लाख घनमीटर गाळतो. म्हणजे तेवढी हवा एकदा गाळायला ८७ तास. तोवर हवा हात जोडून उभी राहणार आहे का? ताशी चार किलोमीटर, म्हणजे आपण भाजी आणायला चालतो तेवढ्याच वेगाने वारा असला, तरी अर्ध्या तासात ते वर्तुळ ओलांडून नवी हवा येते. त्या अर्ध्या तासात मनोऱ्याने गाळलेली हवा किती? जेमतेम अर्धा टक्का.

हे झालं कागदावरचं. दोन वर्षं मोजमाप झालं तेव्हा निष्कर्ष आला: १०० मीटरच्या आत सुमारे १७ टक्के घट. किलोमीटरचे शंभर मीटर झाले. त्या हिशोबाने १,४८३ चौरस किलोमीटरच्या दिल्लीला ४७ हजारांच्या आसपास मनोरे लागतील. वीस कोटींनी गुणून बघा आणि मग चहा घ्या.

मुंबईकरांनी तर हा नाद करूच नये. तिथे खारा वारा वाहत असला की फुकटात साफसफाई होते. तो पडतो तेव्हाच पंचाईत, आणि त्या दिवशीही धूळ, धूर चारी बाजूंनी येतच असतो.

‘आयआयटीनेही काम केलंय’

केलंय. फक्त कसं, ते मेसेजवाल्याला माहीत नाही. दिल्लीच्या मनोऱ्याची सल्लागार असलेली पवईची आयआयटी २०२० च्या जुलैमध्ये त्या प्रकल्पातून अंग काढून घेत होती. न्यायालयाने अवमान कारवाईचा इशारा दिला तेव्हा परत आली. पुढे मोजमापातही ती होती, आयआयटी दिल्लीसोबत. सल्लागार तोच परीक्षक, हे मला खटकतं. पण मनोऱ्याची बाजू लंगडी करणारे आकडे त्यांनीच पुढे आणले, हे श्रेय द्यायला हवं. मेसेज त्यांच्या नावाचा शिक्का वापरतो आणि त्यांचाच निकाल दडवतो.

शिक्क्यावर विसंबायचं नसतं, हे पुण्यात बसून तरी आपण विसरू नये. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या परीक्षेत पास होत होत्या. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी डिकीत उपकरण ठेवून त्या रस्त्यावर पळवल्या, म्हणून २०१५ मध्ये बिंग फुटलं. परीक्षा चालू आहे हे गाडीतलं सॉफ्टवेअरच ओळखायचं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. आपल्याकडे पुण्यातल्याच एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेने तपासलं आणि त्याच डिसेंबरात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत मागवायची वेळ आली.

‘बोर्डावर आकडे दिसतात की!’

हे मेसेजमध्ये नाही, खाली प्रतिक्रियांमध्ये आलंय. आमच्या ओळखीच्या एका मोठ्या गृहसंकुलात फाटकाशी असं यंत्र आहे. कपाटाएवढं, वर लाल अक्षरांचा बोर्ड: ‘आत १८०, बाहेर १२’. म्हणजे यंत्रात शिरणारी हवा आणि यंत्रातून बाहेर पडणारी हवा. मी गेले, तेव्हा कळलं की ‘बाहेर’चा सेन्सर जाळीच्या तोंडावर, चार बोटांवर बसवलाय. माझं हातातलं यंत्र जाळीशी धरलं, खरंच तेराच्या आसपास. पाच पावलं मागे सरकले, दीडशे. बाकावर, जिथे आजी मंडळी बसतात, तिथे एकशे सत्तर. शेजारी वॉचमनने उदबत्ती लावली तेव्हा तर तीनशेच्या वर उडी. हे स्वस्तातले सेन्सर प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतात. हवेत दमट धुकं असलं तरी फुगवून सांगतात. अंदाजाला ठीक, निकालाला नाही.

निकालासाठी आम्ही काय करतो ते कंटाळवाणं आहे. फिल्टर पेपर सुकवून, वजन करून सँपलरमध्ये घालायचा. पीएम २.५ चा सँपलर मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, चोवीस तासांत २४ घनमीटर. मग पेपर परत सुकवून वजन. हवा बरोबर मर्यादेवर, म्हणजे ६० मायक्रोग्रॅमवर असेल, तर दिवसभराची जमा दीड मिलिग्रॅमसुद्धा नाही, साखरेच्या दोन-तीन दाण्यांएवढी. यंत्राची परीक्षा घ्यायची तर असे सँपलर वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, वेगवेगळ्या अंतरांवर, शिवाय एक लांब जिथे यंत्राचा संबंध नाही तिथे. आणि यंत्र काही दिवस चालू, काही दिवस बंद.

‘काहीच न करण्यापेक्षा बरं’

‘काहीच न करणं’ हा पर्याय समोर कोणी ठेवलाय? वीस कोटी एकदाच खर्च होतात. मनोऱ्यात गेले की धूळ उडवणाऱ्या रस्त्यांच्या कडा बांधायला किंवा जळणारा कचरा उचलायला उरत नाहीत.

तपासणी म्हणजे खोडा, हाही गैरसमज. नव्या पर्यावरण तंत्रज्ञानाच्या पडताळणीसाठी २०१६ पासून आयएसओ १४०३४ हे मानक आहे. विकणाऱ्याने दावा आकड्यात लिहून द्यायचा, त्याच्याशी देणंघेणं नसलेल्याने पडताळायचा. त्यात पास-नापास नसतंच. कोणत्या परिस्थितीत, किती, आणि मोजण्यातली चूक किती धरायची, एवढं लिहून मिळतं. चांगलं यंत्र बनवणाऱ्याला असा कागद हवाच असतो. दिल्लीत मोजमापाचा निकाल उद्घाटनानंतर दोन वर्षांनी हाती आला, हीच माझी तक्रार आहे.

काका, रविवारी सकाळी नऊला मी गच्चीवर सँपलर लावतेय, सोमवारी नऊला काढेन. एक्स्टेंशन बोर्ड तुमच्याकडून लागेल. आणि त्या दिवशी कोणी बागेत पालापाचोळा पेटवू नका, एवढं ग्रुपवर टाका.