वशिल्याची जागा?

2025च्या डिसेंबरच्या 2 तारखेला फॉर्म्युला वन मोटार शर्यतींतल्या रेड बुल संघाने जाहीर केले, की 2026च्या हंगामात मॅक्स व्हर्स्टापेनच्या जोडीला इसाक हाजार असेल आणि तोवर त्या जागेवर असलेला जपानी युकी त्सुनोदा राखीव चालक म्हणून संघात राहील. चिंचवडच्या माझ्या चुलतभावाने घरच्या व्हॉट्सॲप गटावर लगेच निकाल देऊन टाकला: त्सुनोदाची पाठीराखी आणि रेड बुलला इंजिन देणारी कंपनी होंडा, तिचे आणि रेड बुलचे नाते संपले, वशिला संपला, गडी घरी बसला. त्यावर धाकट्या काकांचे उत्तर असे, की आपल्याकडे एखादी होंडा असती तर आपला शर्यतीचा चालक जेहान दारुवाला आज तिथे दिसला असता. एकाला वशिला वाईट वाटतो, दुसऱ्याला तो आपल्याला मिळाला नाही याचे वाईट वाटते. नागोयात राहून, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात बारा वर्षे काढल्यावर, दोघांचेही म्हणणे मला अर्धवट वाटते.

वशिला जपानला परका आहे असे मुळीच नाही. त्यासाठी जपानीत ‘कोने’ असा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, आणि त्सुनोदाला होंडाची जागा मिळाली हे इथेही बोलले जाते. पण ती जागा कशी मिळाली ते पाहिले पाहिजे. होंडाने 1962मध्ये सुझुका इथे शर्यतीचा मार्ग बांधला आणि पुढे तिथेच चालक घडवणारी शाळा काढली. सागामिहाराचा हा मुलगा 2016मध्ये त्या शाळेत होता आणि शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत हरला. शाळेचे तेव्हाचे प्रमुख सातोरु नाकाजिमा, म्हणजे 1987मध्ये होंडा इंजिनाच्या लोटस गाडीतून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले चालक, यांनी निकाल बाजूला ठेवून त्याची शिफारस केली. याला वशिला म्हणायचा असेल तर म्हणावा. मी याला जाणकाराची नजर म्हणतो. 2018मध्ये त्सुनोदा फॉर्म्युला वनखालच्या शिडीतल्या जपानी फॉर्म्युला फोरचा विजेता झाला, 2019मध्ये फॉर्म्युला थ्रीसाठी युरोपात गेला आणि 2020मध्ये कार्लिन संघाकडून फॉर्म्युला टूमध्ये 200 गुणांसह तिसरा आला. पहिला आलेला मिक शूमाकर 215 गुणांवर होता, दुसरा कॅलम आयलट 201वर. फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवण्याचा सुपर परवाना मिळवायला खालच्या स्पर्धांतल्या क्रमांकांवरून मिळणारे वेगळे 40 गुण लागतात, ते त्याच निकालाने दिले. तिथे शिफारसपत्र चालत नाही.

काकांना हे ठाऊक नसावे, की त्या वर्षी कार्लिनच्या दुसऱ्या गाडीत आपल्या मुंबईचा दारुवालाच होता. दोघेही रेड बुलच्या युवा चालक योजनेत होते. डिसेंबर 2020मध्ये बहरीनच्या साखीर मार्गावर हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात मोठी शर्यत त्सुनोदाने जिंकली आणि छोटी दारुवालाने. फॉर्म्युला टूमध्ये शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. संघ तोच, गाड्या सारख्या, पाठीराखाही सामाईक. वर्षअखेरीस मात्र एक तिसरा होता आणि दुसरा बारावा. दारुवाला त्यानंतर आणखी तीन हंगाम फॉर्म्युला टूमध्ये झगडला, शर्यती जिंकल्या, आणि शेवटी विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईकडे वळला. तेव्हा पाठीशी कोणी नव्हते म्हणून तो मागे पडला, असे म्हणणे त्याच्यावरच अन्याय करणारे आहे. तो पोचला तिथवर फार थोडे पोचतात, आणि त्या उंचीवर फरक पावपाव सेकंदांचे असतात.

फरक मला त्याच्याही आधीच्या पायऱ्यांवर दिसतो. 2011मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभर शोध घेऊन जी मुले निवडली, त्यांत दारुवाला होता. शोध चांगला होता, पण ती एका संघाची मोहीम होती, आणि 2018मध्ये तो संघच बुडाला. सुझुकाची शाळा होंडा फॉर्म्युला वनमधून बाहेर पडली तेव्हाही चालू राहिली. 2008च्या अखेरीस आणि पुन्हा 2021च्या अखेरीस कंपनीने अधिकृतपणे निरोप घेतला, परंतु मुलांच्या तुकड्या येतच राहिल्या. आपल्याकडे ग्रेटर नोएडाचा बुद्ध मार्ग 2011 ते 2013 अशी तीनच वर्षे फॉर्म्युला वनसाठी वापरला गेला आणि मग करमणूक कराच्या वादात अडकला. ही शर्यत खेळ की करमणूक, यावर आपण जितकी शाई खर्च केली तितकी खालच्या पायऱ्यांवर केली असती, तर कोल्हापूरच्या कृष्णराज महाडिकसारखा मुलगा ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जातो तेव्हा त्याच्या मागून आणखी चार जण निघाले असते. कोईमतूरचा नारायण कार्तिकेयन 2005मध्ये जॉर्डन संघातून उतरला, 2010मध्ये करुण चंढोक आला. दोघेही आपापल्या हिमतीवर गेले, आणि वाट त्यांच्या मागे बुजली.

इथवर वाचून चुलतभाऊ म्हणेल, की इतकी वर्षे शाळा चालवून जपानला मिळाले काय? प्रश्न रास्त आहे, आणि इथे राहणाऱ्याला तो अधिक बोचतो. फॉर्म्युला वनमध्ये आजवर एकाही जपानी चालकाने शर्यत जिंकलेली नाही. 1990मध्ये सुझुकाला आगुरी सुझुकी, 2004मध्ये इंडियानापोलिसला ताकुमा सातो आणि 2012मध्ये पुन्हा सुझुकाला कामुइ कोबायाशी तिसरे आले, तेवढेच. होंडाच्या इंजिनाने विजेतेपदे जिंकली ती आयर्टन सेना, अलेन प्रोस्ट, व्हर्स्टापेन अशा परदेशी चालकांच्या हातून. शिडी होंडाची असली तरी शेवटची पायरी युरोपातल्या संघांच्या हातात आहे, आणि ते संघ कुणाचे देणे लागत नाहीत.

त्सुनोदाची कारकीर्द याच पायरीवर अडखळली. 2021मध्ये रेड बुलच्याच धाकट्या संघातून उतरून बहरीनला पहिल्याच शर्यतीत तो नववा आला. पदार्पणात गुण मिळवणारा तो पहिला जपानी चालक. मग इमोलाच्या पात्रता फेरीत आणि मोनाकोच्या सरावात गाडी आपटली. संघप्रमुख फ्रान्झ टोस्ट यांनी त्याला इंग्लंडमधून हलवून इटलीत फाएन्झाला, कारखान्याच्या शेजारी, राहायला लावले आणि दिवसाचे वेळापत्रक आखून दिले. एकविसाव्या वर्षी परक्या भाषेच्या दोन देशांत बिऱ्हाड थाटणे काय असते हे मला ठाऊक आहे, आणि मला तर भिंतीवर आपटायला गाडीही नव्हती. वर्ष संपताना अबू धाबीत तो चौथा आला. चार हंगाम एकाच संघात मुरल्यावरही, डिसेंबर 2024मध्ये रेड बुलने मोठी गाडी दिली ती लियाम लॉसनला. दोन शर्यतींत लॉसनला खाली उतरवून ती त्सुनोदाच्या हाती ठेवली, आणि तीही सुझुकाच्या आठवड्यात.

त्या रविवारी, 6 एप्रिल 2025ला, मी तिथे होतो. नागोयाहून किंतेत्सुच्या गाडीने शिरोकोला उतरायचे आणि तिथून बस धरायची. चेरी फुललेली होती. रेड बुलच्या गाड्या होंडाच्या 1965च्या विजयी गाडीची आठवण म्हणून पांढऱ्या रंगवल्या होत्या. व्हर्स्टापेन जिंकला, त्सुनोदा बारावा आला, आणि गुण दहाव्यापर्यंतच मिळतात. तरीही तो समोरून गेला की आमचा सगळा सज्जा हात हलवत होता. हंगामाअखेर त्याचे गुण 33 होते आणि व्हर्स्टापेनचे 421. हे आकडे झाकता येणार नाहीत. पण त्याच्याआधी गास्ली, आल्बन, पेरेझ, लॉसन हे सगळे त्याच गाडीत बसून तसेच खाली आले, हेही झाकू नये.

होंडा आता ॲस्टन मार्टिन संघाला इंजिन देते, आणि तिथे दोन्ही जागांवर अलोन्सो आणि स्ट्रोल आहेत. वशिलाच सर्व काही असता, तर निदान तिथे तरी एखादा जपानी दिसला असता. 2020नंतर प्रथमच 2026च्या हंगामाच्या सुरुवातीला फॉर्म्युला वनमध्ये एकही पूर्णवेळ जपानी चालक नव्हता. कारखान्यातल्या जेवणाच्या सुटीत मी हे म्हणालो, तेव्हा शेजारच्या वयस्कर सहकाऱ्याने आयुमु इवासाचे नाव घेतले. तोही सुझुकाच्या शाळेचाच, आणि 2025ची सुपर फॉर्म्युला, म्हणजे जपानमधली सर्वांत वरची अशी स्पर्धा, त्यानेच जिंकली. घरच्या गटावर मी हे अजून लिहिलेले नाही. चुलतभाऊ विचारेल, त्याच्यामागे कोण आहे.