आमच्या गावातला पब आणि २१ सह्या

गेल्या आठवड्यात मी आमच्या गावातल्या पबसाठी एका अर्जावर सही केली. गाव इंग्लंडच्या वूस्टरशर परगण्यातले, जेमतेम शंभर-सव्वाशे घरांचे. दुकान केव्हाच बंद पडले, बस दिवसातून दोनदा येते आणि माणसे एकमेकांना भेटतील अशा जागा दोनच उरल्या आहेत, चर्च आणि पब. पबची इमारत ज्या कंपनीच्या मालकीची आहे ती कंपनी ती विकणार असल्याचे कानावर आले, तेव्हा गावकऱ्यांनी तिची नोंद समाजोपयोगी मालमत्ता म्हणून व्हावी यासाठी कौन्सिलकडे अर्ज करायचे ठरवले. २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टनुसार २१ स्थानिक मतदारांच्या गटाला असा अर्ज करता येतो. राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक या नात्याने, भारतीय पासपोर्ट असूनही, माझे नाव इथल्या मतदार यादीत आहे. त्यामुळे त्या २१ जणांत मीही आहे.

पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे सांगितले तेव्हा बहुतेकांनी विचारले की, दारूच्या एका जागेसाठी एवढी धडपड कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहितो आहे. आपल्याकडे पब म्हटले की अंधार, कानठळ्या बसवणारे संगीत आणि दारातले बाऊन्सर डोळ्यांसमोर येतात. इथला मूळ शब्द 'पब्लिक हाउस', म्हणजे सर्वांसाठी उघडे असलेले घर, आणि खेड्यातल्या पबमध्ये 'घर' हा शब्द अजून खरा आहे. मी इथे राहायला आलो तो नोव्हेंबर होता. दुपारी चारनंतर अंधारून येई आणि ओळखीचे कोणी नव्हते. भिजलेल्या कोटाने पबमध्ये शिरलो, तर पब भाड्याने चालवणाऱ्या बाईंनी तो शेकोटीजवळ वाळत घालायला सांगितला आणि माझे नाव विचारले. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी ते नाव अचूक उच्चारले. ऑफिसातल्या सहकाऱ्यांना ते जमायला वर्ष लागले होते.

यॉर्कशरच्या उत्तर टोकाला १,७३२ फुटांवर 'टॅन हिल इन' आहे, ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब. नोव्हेंबर २०२१ मधल्या आर्वेन वादळात तिथे साठेक माणसे बर्फामुळे तीन रात्री अडकून पडली, आणि पबने त्यांना जेवू घातले, जमिनीवर गाद्या घालून झोपवले. ही बातमी वाचून मला नवल वाटले नाही.

पण मला अधिक बोलायचे आहे ते जेवणाविषयी. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून आई आली होती. ती शाकाहारी आहे आणि दारूचा वासही तिला सोसत नाही. तरी मे महिन्यात मी तिला मुद्दाम ब्रेटफर्टन गावातल्या 'द फ्लीस इन'मध्ये नेले. पंधराव्या शतकातले हे शेतकऱ्याचे लाकडी चौकटीचे घर पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे होते. लोला टॅपलिन या त्या कुटुंबातल्या शेवटच्या मालकीणबाईंनी १९७७ मध्ये मृत्युपत्राद्वारे ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिले, आणि तिथे बटाट्याचे वेफर्स विकायचे नाहीत अशी त्यांची अट होती असे सांगतात. चेटकिणींनी धुराड्यातून आत येऊ नये म्हणून चुलाण्यापुढे पांढरी वर्तुळे काढलेली आहेत. त्यांचा अर्थ आईला समजावून सांगावा लागला नाही. "अरे, म्हणजे उंबऱ्यावरचे लिंबू-मिरचीच की," ती म्हणाली.

मे महिना निवडला तो ॲस्परॅगससाठी. ईव्हशमच्या खोऱ्यातली ही भाजी आपल्या शतावरीच्याच कुळातली. तिचा हंगाम परंपरेने २३ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी सुरू होतो आणि २१ जूनच्या सुमारास संपतो. संपतो म्हणजे शेतकरी स्वतःहून थांबतात, कारण त्यानंतर कोंब वाढू दिले नाहीत तर मुळांना पुढच्या वर्षाचा साठा करता येत नाही. कोंब एकेक करून हाताने कापावे लागतात. फ्लीसमध्ये दरवर्षी या भाजीच्या जुड्यांचा लिलाव होतो आणि त्याचे पैसे गावच्या बँडला जातात. आईने नुसत्या लोण्याबरोबर ते कोंब खाल्ले, सोबत एल्डरफ्लॉवर या फुलांचे सरबत घेतले, आणि हे घरी नेता येईल का, असे विचारले. दुसऱ्या दिवशी ते शिळे होतील हे ऐकून तिला वाईट वाटले, पण पटलेही. हुरड्याची चव शेतातच, हे तिला ठाऊक होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हमरस्त्यावरच्या एका साखळी पबमध्ये थांबलो. प्लॅस्टिक चढवलेल्या मेन्यू कार्डावर ॲस्परॅगस होते. ते कुठून आले, असे वाढणाऱ्या मुलीला विचारले, तर तिला सांगता येईना. दोष तिचा नव्हता. तिथले पदार्थ शेकडो मैलांवरच्या कार्यालयात ठरतात आणि गोठवलेल्या पिशव्यांतून येतात. स्वयंपाकघरात कोणी काही ठरवतच नाही. माझे ठाम मत आहे की ऋतूचे जेवण आणि मनापासूनचे स्वागत या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात: शेजारच्या शेतात काय निघाले ते पाहून आज फळ्यावर काय लिहायचे, हे ठरवण्याचा अधिकार पब चालवणाऱ्या माणसाला असला पाहिजे. ऑक्टोबरात फेझंट हा रानपक्षी आणि डॅमसन ही आंबटसर फळे, थंडीत पार्सनिप हे गाजरासारखे कंद, मार्चमध्ये रानलसूण, हे त्या अधिकाराशिवाय होत नाही.

तो अधिकार बहुतेक भाडेकरूंकडे अपुराच असतो. इमारत कंपनीची, आणि बिअरही त्याच कंपनीकडून, बहुधा बाजारापेक्षा चढ्या दराने घेण्याची अट. २०१६ च्या पब्स कोड या सरकारी नियमावलीने या अटीतून बाहेर पडून फक्त बाजारभावाने भाडे देण्याचा मार्ग खुला केला, परंतु तो ५०० किंवा त्याहून अधिक पब अशा अटीवर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनाच लागू आहे. आमच्या पबची कंपनी त्याहून लहान, म्हणून पब चालवणाऱ्या बाईंना त्याचा उपयोग नाही. ही मर्यादा मला अन्यायाची वाटते.

म्हणून गावाने पब विकत घ्यावा, असे माझे म्हणणे आहे. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी २००३ मध्ये 'ओल्ड क्राउन' असाच घेतला. तो ब्रिटनमधला पहिला सहकारी पब मानला जातो. सहकार म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. आमच्या अर्जाला मान्यता मिळाली, तर विक्रीच्या वेळी पैसे उभे करायला गावाला सहा महिने मिळतील. त्यानंतरही गावालाच विकण्याचे बंधन मालकावर नाही, ही कायद्यातली मोठी उणीव आहे. तरी सहा महिने हातात असणे आणि नसणे यांत फार अंतर आहे. सहकारी संस्थेत कितीही भाग (शेअर) घेतले तरी प्रत्येकाला मत एकच, त्यामुळे थोडे पैसे असलेल्यालाही संकोच वाटायचे कारण नाही.

पहिली बैठक गुरुवारी पबमध्येच आहे. परवा फोनवर आईला हे सगळे सांगितले, तर तिने पबचे नाव दोनदा विचारून घेतले आणि आपल्या नावानेही एखादा शेअर घेता येईल का, अशी चौकशी केली. परदेशात राहणाऱ्या व्यक्तीला ते चालते का, हे मला बैठकीत विचारायचे आहे.