गर्नालीचा हिशेब

परवा गोव्यात सावईवेऱ्याला मामाच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, माकडांची टोळी शिरली. मामानं डब्यातून गर्नाल, म्हणजे मोठ्या आवाजाचा फटाका, काढली, वात पेटवली आणि माडांकडे भिरकावली. माकडं पळाली आणि माझ्या हातातला चहा लेंग्यावर सांडला. मामाचा नातू फर्मागुडीला इंजिनीअरिंग शिकतो. तो लगेच म्हणाला, "आजोबा, माकडानं खाल्लं असतं एक आडसर, एक कोवळा नारळ. गर्नालीला त्याहून जास्त पैसे पडले."

"आणि बाकीचं कुळागर कोणाचं रे?" मामा म्हणाला.

मला हसू आलं, कारण आदल्या रात्री जेवताना हाच पोरगा लाल समुद्राचा हिशेब मांडत होता. तिथं जहाजांवर हल्ले करणाऱ्या येमेनच्या हुथी बंडखोरांचा ड्रोन काही हजार डॉलरचा, तो पाडायला अमेरिकी विनाशिकेनं सोडलेलं एसएम-२ क्षेपणास्त्र वीसेक लाख डॉलरचं, म्हणजे अमेरिका बुडाली! आकडे खोटे नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे नौदल सचिव कार्लोस डेल टोरो यांनी सिनेटपुढं सांगितलं होतं की जवळजवळ एक अब्ज डॉलरचा दारूगोळा उडाला. पण तो ड्रोन आदळणार कशावर होता, हे या हिशेबात येतच नाही. विनाशिका दोन अब्ज डॉलरची, वर तीनशेच्या आसपास माणसं. २६ जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं, तेव्हा जहाजावर २२ भारतीय खलाशी होते. आग विझवायला आपली आयएनएस विशाखापट्टणम धावली. गोव्यात वाड्यावाड्यावर एक तरी तारवटी, जहाजावर नोकरी करणारा, असतो. एक क्षेपणास्त्र केवढ्याला परवडतं, हे त्या दिवसांत त्यांच्या बायकांना विचारायचं होतं.

नेम धरून मारण्याची किंमतही अशीच उलटी मोजतात. व्हिएतनाममधला थान्ह होआचा पूल पाडायला अमेरिकी विमानं १९६५ पासून साधे, स्वस्त बॉम्ब ओतत होती. विमानं पडली, वैमानिक गेले, पूल उभाच. १९७२ च्या मे महिन्यात लेझरनं नेम धरणारे महागडे बॉम्ब आले आणि पूल बसला. आता स्वस्त कोणते म्हणायचे? ४ डिसेंबर १९७१ ला कराचीवर गेलेल्या निर्घात, निपात आणि वीर या आपल्या बोटी तर इतक्या लहान की वाटेत काही अंतर त्यांना ओढत न्यावं लागलं. त्यांच्या क्षेपणास्त्रांनी 'खैबर' ही विनाशिका बुडवली.

म्हणून किमतीचा वाद मला पोरकट वाटतो. मला धास्ती आहे ती संख्येची. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाकडे विमानातून सोडायची एक्झोसेट ही जहाजविरोधी क्षेपणास्त्रं होती फक्त पाच. ४ मेला दोन सुटली, त्यांतल्या एकानं 'शेफील्ड' ही ब्रिटिश विनाशिका गेली, २० नौसैनिक मेले. २५ मेला आणखी दोन सुटली आणि 'अटलांटिक कन्व्हेयर' ही मालवाहू बोट हेलिकॉप्टरांसकट पेटली. ३० मेला पाचवं सुटलं आणि कोठार रिकामं झालं. आणखी दहा असती तर? ब्रिटिशांची झोप याच प्रश्नानं उडाली होती, अर्जेंटिनाला ती बाजारात मिळू नयेत म्हणून त्यांनी आकाशपाताळ एक केलं. पैसे असूनही माल मिळत नाही, अशी ही वस्तू. एक बनवायला महिने लागतात, कधी वर्षं. अमेरिकी विनाशिकेच्या क्षेपणास्त्र सोडायच्या नळ्या रिकाम्या झाल्या की भरायला बंदर गाठावं लागतं.

आमच्याकडे १९६१ चा, गोवा मुक्त झाला तेव्हाचा, एक किस्सा अजून रंगवून सांगतात. पोर्तुगीज फौजेनं रणगाडाविरोधी गोळे मागवले, सांकेतिक शब्द होता 'चोरिस', आणि लिस्बनहून विमानानं खरोखरच चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, आले! हसून झालं की आपल्या कोठारात काय आहे तेही बघावं.

गेल्या वर्षी, ८ मे २०२५ च्या रात्री पाकिस्ताननं ३६ ठिकाणी तीन-चारशे ड्रोन पाठवले. आपल्या लष्करानं क्षेपणास्त्रांच्या जोडीला जुन्या एल-७० तोफाही कामाला लावल्या. मला हा त्या चार दिवसांतला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. ब्राह्मोससारखं महागडं क्षेपणास्त्र शत्रूच्या धावपट्टीसाठी ठेवा, ड्रोनला गोळीच पुरे. टीव्हीवर मात्र तोफांना दोन मिनिटं मिळाली असतील. ब्राह्मोस चित्रात देखणं दिसतं ना!

वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये २०२४ च्या जुलैत 'त्रिपुट'चं जलावतरण झालं, २०२५ च्या मार्चमध्ये 'तवस्य'चं. दोन्ही ब्राह्मोसवाहू फ्रिगेटी, म्हणजे युद्धनौका. आम्हा वास्कोकरांना अभिमान आहेच. पण जहाज पाण्यात उतरलं की फोटो निघतात; पहिली फैर संपल्यावर दुसरी किती दिवसांत येईल, हे कोणी विचारत नाही.

संध्याकाळी निघताना नातवानं आजोबांचा डबा उघडून बघितला. आत तीन गर्नाली.

"दुकानात?" त्यानं विचारलं.

"आता गणेशचवथीलाच येणार म्हणतो दुकानदार," मामा म्हणाला आणि डबा पावसाचं पाणी लागू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवला.